रटमध्ये दिवसभर झाडावर: दोन पॅनलच्या ट्री सॅडलबद्दल एका फिजिओथेरपिस्टचं मत

नोव्हेंबरच्या रटमध्ये, म्हणजे हरणांच्या माजाच्या काळात, धनुष्याने शिकार करायला सकाळपासून अंधार पडेपर्यंत झाडावर बसायची तयारी असेल तर ट्री सॅडल, म्हणजे झाडाला दोराने अडकवून बसायचा कापडी पट्टा घ्या, आणि दोन पॅनलवालंच घ्या. घाईत असलेल्यांसाठी एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण सॅडलबद्दलची चर्चा बहुतेक वेळा वजन आणि किंमत यांपाशीच संपते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर, खुबा आणि गुडघे तासन् तास एका जागी ठेवले की काय होतं, ते मी रोज दवाखान्यात बघते. धनुष्याची शिकार शेवटी तिथेच अडते.

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसला राहते आणि आग्नेय ओहायोत, व्हिंटन काउंटीतल्या झलेस्की जंगलात आणि त्याच्या आसपास कंपाउंड बोने (कप्प्या लावलेल्या धनुष्याने) शिकार करते. सगळा डोंगरउताराचा मुलूख: ओक, बीच, मेपल, हिकरी. नाशिकहून फोनवर मावशी दर वेळी विचारते, हरीण मारायला मन कसं होतं गं? तिला जे सांगते तेच इथे सांगते. भारतात 1972च्या कायद्याने वन्यप्राण्यांना संरक्षण मिळालं आणि ते तसंच राहावं. ओहायोतही 1904च्या सुमाराला पांढऱ्या शेपटीचं हरीण पार संपलं होतं. ते परत आणून, वाढवून, मग शिकारीला मोजूनमापून परवानगी देण्यात आली. एका शिकाऱ्याला नर वर्षाला एकच मिळतो. मी घेतलेल्या धनुष्याच्या किमतीत 11 टक्के केंद्रीय कर असतो आणि 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मांस आमच्या घरात वर्षभर पुरतं. मावशीला हे सगळं पटलेलं नाही, पण ती ऐकून घेते.

आता दिवसभर का बसायचं? एरवी हरीण पहाटे आणि संध्याकाळी फिरतं, त्यामुळे सप्टेंबरअखेर हंगाम सुरू झाला की सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन तास बसलं तरी चालतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून गणित बदलतं. दिवस लहान होत जातो तसे माद्या माजावर येऊ लागतात. थंडी पडो न पडो, दिवसाची लांबी ठरलेलीच असते, म्हणून आमच्याकडे दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर जोर येतो. मादी जेमतेम एक-दोन दिवस माजावर राहते. गाभण राहिली नाही तर सुमारे 28 दिवसांनी पुन्हा. नराला हे गणित माहीत नसलं तरी त्याच्या नाकाला माहीत असतं. तो खाणं सोडून देतो, या काळात वजनाचा पाव हिस्सासुद्धा गमावतो, आणि माद्या जिथे बसतात त्या झाडोऱ्याकडून वारा येतो त्या बाजूने वास घेत एका डोंगरधारेवरून दुसऱ्या धारेवर जातो. हे तो सकाळी अकरा ते दुपारी दोनमध्येही करतो. त्या वेळी बहुतेक शिकारी जेवायला गाडीकडे गेलेले असतात.

मी पूर्वी क्लायंबर वापरत असे, म्हणजे झाडाला कवटाळून वर सरकत जाणारी दोन भागांची बैठक. बसायला उत्तम. पण वजन वीस पौंडांच्या वर, चढताना खरखर आवाज, आणि खालपासून वीस फुटांपर्यंत फांदी नसलेलं सरळ झाडच लागतं. हरणांची वाट जिथून जाते तिथे तसं झाड क्वचितच असतं. सॅडलचं तसं नाही. वाकडं झाड, फाटे फुटलेलं झाड, जाड ओक, काहीही चालतं. माझा संच असा: सॅडल दोन पौंडांच्या आसपास, पाय ठेवायचा छोटा प्लॅटफॉर्म तीन, चढायच्या चार स्टिक्स (झाडाला बांधायच्या पायऱ्या) मिळून आठ, वर दोर. सगळं पाठीवर घेऊन अंधारात दीड मैल चढ चढता येतो. एकूण खर्च 500 डॉलरच्या आसपास आला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मी सांगतेय ते या प्रकारच्या कुठल्याही चांगल्या सॅडलला लागू आहे.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: सॅडल म्हणजे कमरेपासून मांड्यांपर्यंत येणारा मजबूत कापडी पट्टा. पुढच्या बाजूला ब्रिज नावाचा दोर, तो झाडाला बांधलेल्या टेदर नावाच्या दोराला कॅराबिनरने (धातूच्या कडीने) अडकतो. तोंड झाडाकडे, पाय प्लॅटफॉर्मवर, वजन दोरावर. चढताना लाइन्समन बेल्ट, म्हणजे कमरेला जोडलेला दोर, झाडाभोवती असतो, म्हणजे जमीन सोडल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत तुम्ही झाडाला बांधलेलेच असता. इथे शिकाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत झाडावरून पडणं हे फार मोठं कारण आहे. माझ्याकडे असे रुग्ण आले आहेत, त्यातल्या एकाचा मणका मोडला होता. त्यामुळे माझ्या दृष्टीने सॅडलचा सगळ्यात मोठा गुण हाच. मात्र टेदर कधीही ढिला ठेवू नका. हा दोर गिर्यारोहणातल्या दोरासारखा ताणला जात नाही, म्हणून ढिला दोर असताना दोन फूट पडलात तरी हिसका जबर बसतो.

आता शरीराकडे. एका पॅनलच्या सॅडलमध्ये सगळं वजन एकाच पट्ट्यावर येतं आणि दोन-तीन तासांनी खुब्यांना दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं होतं. दोन पॅनलमध्ये वरचा पट्टा कमरेखाली आणि खालचा मांड्यांखाली, दोन्ही वेगवेगळे सरकतात, त्यामुळे दर थोड्या वेळाने दाब हलवता येतो. सगळी गोम यातच आहे. शरीराला मऊ गादीपेक्षा बदल जास्त हवा असतो. मी साधारण अर्ध्या तासाने स्थिती बदलते: आधी गुडघे खोडाला टेकवून बसायचं, मग पाय ताठ करून मागे रेलायचं, मग एका कुशीने खोडाला टेकायचं. बसायचं असेल तर टेदर उभं राहिल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असा बांधा, रेलायचं असेल तर थोडा वर. खुबे आवळले जात असतील तर पहिला उपाय ब्रिज लांब करणं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येऊ लागल्या तर कमरेचा पट्टा सैल करा. तिथून जाणारी नस दबलेली असते, आणि ते सहन करत बसण्यात काही शहाणपण नाही.

बायकांनी माप घेताना एक काळजी घ्यायची. बऱ्याच कंपन्यांचे तक्ते पुरुषांच्या कमरेवरून बनवलेले असतात. आपण नितंबांचं माप घ्यायचं, तेही नोव्हेंबरचे जाड कपडे घालून. मला तक्त्याप्रमाणे जे माप निघत होतं त्यापेक्षा एक मोठं घ्यावं लागलं, आणि ते बरोबर बसलं.

गुडघ्यांसाठी सॅडलबरोबर मिळालेली पॅड निरुपयोगी होती. फरशी बसवणारे कारागीर वापरतात ती हार्डवेअरच्या दुकानातून घेतली. पाठीला आधार नसतो, म्हणून पाठीमागून जाणारा एक रुंद पट्टा वेगळा घ्या. त्याच्याशिवाय दुपारनंतर कंबरेचे स्नायू दमतात आणि मग धनुष्य ओढताना हात थरथरतो. मांड्यांखालून गार वारा लागतो, त्याला लोकरी पँटशिवाय उपाय नाही.

बाण मारण्याबद्दल. झाड तुमच्या आणि हरणाच्या मध्ये असतं, हा फायदाही आहे आणि अडचणही. फायदा असा की हरणाने वर पाहिलं तर तुम्ही खोडाआड असता. अडचण अशी की उजव्या हाताने ओढणाऱ्याला डावीकडून आलेलं हरीण सोपं आणि उजवीकडचं कठीण. उजवीकडे मारायचं तर ब्रिजवरून पूर्ण वळावं लागतं, आणि ते आवाज न करता जमायला घरच्या झाडावर फूटभर उंचीवर पुष्कळ सराव लागतो. म्हणून झाड निवडतानाच हरणांची वाट डाव्या हाताला येईल असं बघा. माझ्या धनुष्याची ओढ 45 पौंडांची आहे. ओहायोत किमान 40 लागतं, त्यामुळे कमी ताकदीचं म्हणून कुणी लाजू नये. एवढ्या ओढीला दोन पात्यांचं स्थिर ब्रॉडहेड (बाणाचं धारदार टोक) लावा. खाली मारताना हात खाली नेऊ नका, कमरेतून वाका. सॅडलमध्ये हे वाकणं फार सहज होतं, कारण ओटीपोटाचा भाग दोराने धरलेला असतो.

गेल्या नोव्हेंबरात दोन टेकड्यांमधल्या खिंडीवर, एका पांढऱ्या ओकवर बसले होते. ऊन चढलं की उतारावरची हवा वर वाहू लागते आणि वासही तिच्याबरोबर वर येतो, म्हणून माद्यांचा झाडोरा खाली असतानाही मी धारेच्या वरच्या बाजूला होते. दुपारी साडेबाराच्या सुमाराला खालून पाचोळ्यात पावलं वाजली आणि मग डुकरासारखा घुरघुराट. नर मान जमिनीला लावून डावीकडून येत होता. त्याचं डोकं बीचच्या खोडाआड गेलं तेव्हा मी धनुष्य ओढलं. तोंडाने ‘मॅ’ असा आवाज केला, तो थबकला. अठरा यार्ड. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाऊन पलीकडे पानांत रुतला. सत्तरेक यार्ड धावून तो पडला. तरी मी अर्धा तास वरच बसून राहिले, कारण घाईने खाली उतरणं हा धनुष्याच्या शिकारीतला सगळ्यात वाईट निर्णय असतो. खाली बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त होतं. हरणाला लावायच्या टॅगवर तारीख, वेळ, काउंटी लिहून मी त्याच रात्री नोंद केली. कायद्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत असते. क्लायंबर असता तर त्या वाकड्या ओकवर मी बसूच शकले नसते.

झाडाची पारख न करता सॅडल वापरू नका. ओहायोत ॲश झाडं एमराल्ड ॲश बोरर या किड्याने मोठ्या प्रमाणावर मारली आहेत. वरून उभी दिसतात, आतून कुजलेली असतात. पानं गळाल्यावर ओळखणं अवघड, म्हणून झाडं उन्हाळ्यातच हेरून ठेवा. शॅगबार्क हिकरीही टाळते: सालीचे लांब ढलपे सुटलेले असतात, स्टिक नीट बसत नाही आणि पहाटेच्या शांततेत कडाकड वाजते. आवाजाचंच आणखी एक: कॅराबिनर स्टिकवर आपटला तर तो आवाज शंभर यार्डांवर जातो. स्टिक्सना कापडी टेप गुंडाळा. हे काम कंपनीने करून द्यायला हवं, एवढे पैसे घेतल्यावर.

सॅडल कुणी घेऊ नये, तेही सांगते. गुडघा बदललेल्यांनी, तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनी आणि खांदा पूर्ण वर न जाणाऱ्यांनी लॅडर स्टँड (शिडी लावलेली बैठक) किंवा जमिनीवरचा आडोसा घ्यावा. त्यातही रटमध्ये उत्तम शिकार होते. ज्यांची शिकार स्वतःच्या शेतावर, एकाच ठरलेल्या झाडावर असते त्यांनाही गरज नाही, कायमची बैठक जास्त आरामाची. दर हंगामाआधी ब्रिज आणि टेदर बोटांनी चाचपून बघा. धागा निघालेला, कडक झालेला किंवा चपटा पडलेला भाग हाताला लागला तर नवा दोर घ्या. तो पन्नास-साठ डॉलरला मिळतो.