महापुराची चित्रकथा आणि विश्रामबागेतलं प्रिंटिंगचं दुकान

२०१९च्या महापुरावरची माझी चित्रकथा अखेर छापून घेतली, सांगलीत विश्रामबागेतल्या एका लहानशा डिजिटल प्रिंटच्या दुकानात. ४० प्रती, मधोमध पिना. मी ३० पानं काढून गेलो होतो. दुकानदार काका म्हणाले, "पिनांचं पुस्तक चारच्या पटीत बसतं. दोन पानं कोरी सोडू का?" कोरी कशाला! रात्री जागून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं दोन पानांवर पसरलेलं चित्र काढलं, नेमकं तेच सगळ्यांना आवडतंय.

पहिल्या प्रुफात रेघांच्या कडा केसाळ दिसल्या. चूक माझी, स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) होतं. ६००ला करून नेलं. फुग्यांतली अक्षरं त्यांनी चार रंगांऐवजी नुसत्या काळ्या शाईत घेतली, तेव्हा कुठे ती नीट वाचता आली. एवढं समजावून सांगणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला.

कटिंग मात्र गचाळ. सात प्रतींत कडेचं चित्र दोन-तीन मिलिमीटर खाल्लंय. बदलून देतो म्हणाले. तीन हेलपाटे झाले, दर वेळी मशीनवाला पोरगा जेवायला गेलेला. पाच मिळाल्या, दोन बाकी आहेत.

पुढचं पुस्तकही इथंच टाकणार, पण कडेला पाच मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाईल असं जादा चित्र, सोडून.