सुरीची धार: धारवाला, शार्पनर की दगड? आणि स्टीलच्या भांड्यांचं काय?

भाचीनं ऐरोलीत नवं घर लावलं. एक चांगली सुरी आणि स्टीलची चार भांडी हौसेनं घेतली. चौथ्या महिन्यात फोन आला, "मावशी, सुरी टोमॅटोवर नुसती घसरते गं. धार कुठून लावून घेऊ?" नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतही हा प्रश्न सारखा निघतो, म्हणून तिला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी धारवाला. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत चाक फिरवणारा माणूस अजूनही गल्लीतून हाक देत जातो. पाच मिनिटांत काम होतं, पैसेही फार पडत नाहीत. विळी, कोयता, जाड पात्याची मटणाची सुरी यांच्यासाठी मी आजही त्यालाच थांबवते, कारण विळीचं वळलेलं पातं दगडावर घरी नीट बसत नाही. पण पातळ, चांगल्या सुरीचा प्रश्न वेगळा आहे. माझी आठ इंची सुरी मी एकदा अशीच दिली. ठिणग्या उडाल्या, धारही लागली. घरी आल्यावर कोथिंबीर चिरायला घेतली तर काड्या माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या राहिल्या. सुरी पाटावर उभी धरून उजेडाकडे बघितलं, तेव्हा कळलं की मुठीजवळ पात्याला खळगा पडलाय आणि तेवढा भाग पाटाला टेकतच नाही. कोरड्या चाकावर धार तापते हा दुसरा धोका. धारेजवळ निळसर झाक दिसली की समजायचं, पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं. मग ती धार आठवडाभरही टिकत नाही. द्यायचीच असेल तर शेजारी उभं राहून पाणी मारायला आणि हलका हात ठेवायला सांगा.

दुसरा, ओढायचा शार्पनर. खाचेतून सुरी चार वेळा ओढली की झालं. खाचेतले कठीण धातूचे दोन तुकडे पात्याच्या दोन्ही बाजू खरवडतात. कोन ठरलेला असतो, त्यामुळे हात चुकायची भीती नाही. मात्र दर वेळी धातू जास्त निघतो आणि धार खरखरीत राहते. बाजारातल्या साध्या सुऱ्यांसाठी, किंवा ज्यांना शिकायला खरंच वेळ नाही त्यांच्यासाठी हे ठीक आहे. जपानी पद्धतीची पातळ, कडक सुरी यात कधीच घालू नका, धारेचे कपचे उडतात.

तिसरा, दगड. माझं मत इथेच आहे. दोन बाजूंचा दगड घ्या, एक बाजू 1000 ग्रिटची आणि दुसरी 3000 किंवा त्यापुढची (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). तो पाण्यात भिजवायचा प्रकार असेल तर दहा मिनिटं भिजवा आणि ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. कोन ऐकून लोक घाबरतात. आपल्या नेहमीच्या सुरीला दर बाजूला 15 ते 20 अंश लागतात. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून एक ते दीड सेंटिमीटर वर, एवढं साधं आहे ते. तो कोन न मोडता मुठीपासून टोकापर्यंत सरकवत राहायचं. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं अंगठा पात्यावरून धारेकडे, बाहेरच्या दिशेनं हलकेच फिरवा (धारेच्या लांबीनं कधीच नाही). बारीक खरखर लागली, म्हणजे धातूचा काठ पलीकडे वळला, की बाजू बदला. तशीच खरखर आता या बाजूला येऊ द्या. मग बारीक ग्रिटवर हलक्या हातानं काही फेरे मारले की ती निघून जाते. पहिल्या दोन वेळा मन लागत नाही, तिसऱ्या वेळी हात बसतो. भाचीला मी रविवारी ऐरोलीला जाऊन तासाभरात शिकवलं, जुन्या सुरीवर. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं. मधल्या काळात धार नुसती वाकलेली असते, ती सळईवर (सुरीची धार सरळ करायच्या पोलादी दांडीवर) दोन-चार वेळा फिरवली की सरळ होते.

पण धार जाते कुठे हे आधी बघा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरणं बंद करा. लाकडी पाटावर चिरलंत तर निम्मं काम तिथेच वाचतं.

आता भांडी. फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या. सुरीला चिकटेल, 304 दर्जाच्या साध्या पातेल्याला बहुतेक चिकटणार नाही. (इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचा तळ मुद्दाम चुंबक धरणारा असतो, तो सोडा.) म्हणजे दोन्ही स्टेनलेसच, पण पोलाद वेगळं. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. सुरीत धार धरण्यासाठी कार्बन जास्त घालावा लागतो, आणि गंजाला तोंड देण्याची ताकद थोडी कमी होते. म्हणून पातेलं सिंकमध्ये रात्रभर राहिलं तर चालतं, सुरीला मात्र डाग पडतात. सुरी मी घासायला टाकतच नाही. वापरली की लगेच धुऊन पुसते.

करपलेल्या दुधाच्या पातेल्याला तारेची घासणी की सोडा? सोडा. पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, लाकडी उलथन्यानं खरवडा. साध्या लोखंडी तारेचे कण भांड्यावर राहून गंजतात आणि डाग भांड्याचा वाटतो. पांढरे डाग किंवा इंद्रधनुषी झाक दिसली तर व्हिनेगर चोळा, दोन्ही निरुपद्रवी आहेत. ब्लीच मात्र अजिबात नको. आणि मीठ पाणी उकळल्यावर घाला. गार पाण्यात तळाशी बसलेलं मीठ स्टीलला बारीक खड्डे पाडतं, आणि ते पुन्हा बुजत नाहीत.

लोखंडी विळी असेल तर वेगळी काळजी. कैरी चिरून तशीच ठेवली तर पातं काळं पडतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवसांत तांबेरा चढतो. जून ते सप्टेंबर मी ती पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून, पात्याला वर्तमानपत्र गुंडाळून ठेवते.