फोम टिकतो, सांधा सुटतो: तयार पॉपर डोकी घ्यावीत की साधी शीट?

पॉपर म्हणजे पाण्यावर तरंगत आवाज करून मासा बोलवणारी फ्लाय, म्हणजेच गळावर हाताने बांधलेलं खोटं आमिष. खाऱ्या पाण्यातल्या पॉपरसाठी फोमची तयार डोकी पाकिटात मिळतात. समोर वाटीसारखा खड्डा, मधून आरपार भोक, दोन्ही बाजूंना डोळे बसवायला खळगे. दिसायला देखणी, एकसारखी, आणि शीटच्या मानाने महाग. दोन-तीन मासे लागले की हीच डोकी गळाच्या दांड्याभोवती गरगर फिरायला लागतात आणि शिव्या फोमला बसतात. सुटलेलं डोकं उपसून बघा: फोम बहुतेक वेळा धड असतो, आणि आत दांड्यावर गोंदाची गुळगुळीत नळी तशीच राहिलेली असते. म्हणजे गोंदाने दांडा धरला, फोम धरलाच नाही. किंवा याच्या उलट.

डोकं निवडताना आधी नखाने दाबून बघावं. खळगा लगेच भरून आला आणि कापलेल्या कडेला पेशी बारीक, एकसारख्या दिसल्या तर माल चांगला. मोठ्या पेशींचा फोम हलका असतो, तरंगतो छान, पण दातांपुढे त्याचा भुगा होतो. भोक अगदी मध्यावर असण्यापेक्षा पोटाकडे सरकलेलं असलेलं बरं. डोकं खाली लोंबलं तर गळाचं टोक आणि दांडा यांच्यामधली जागा बुजते, मासा नुसता धडक मारून जातो आणि आपण म्हणतो आज मासे बुजरे आहेत.

गळ वाकड्या दांड्याचा मिळाला तर तोच घ्यावा. त्या बाकामुळे डोकं फिरतच नाही. मस्टॅड ३४००७ सारख्या सरळ दांड्याच्या स्टेनलेस गळावर तेच काम दोऱ्याकडून करून घ्यावं लागतं. २१० डेनिअर जाडीचा दोरा पुढे-मागे आडवातिडवा गुंडाळून दांडा मुद्दाम खडबडीत करायचा. इथे सुबकपणा नडतो. शेपूट आणि कॉलर (डोक्यामागची झालर) आधी पूर्ण बांधून टाकायची, डोकं कोरडंच सरकवून बसतंय का बघायचं, मग ३० मिनिटांत आवळणारा इपॉक्सी गोंद दोऱ्यावर आणि थोडा भोकात लावायचा. डोकं पिळत पिळत चढवायचं म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. गळाच्या नाक्यात (दोरी ओवायच्या भोकात) शिरलेला इपॉक्सी ओला असतानाच सुईने काढायचा आणि फ्लाय रात्रभर तशीच ठेवायची.

५ मिनिटांचा इपॉक्सी का नको? तो दोऱ्यात मुरायच्या आत घट्ट होतो. पातळ सुपरग्लूचा त्रास त्याहून मोठा: डोकं अर्ध्या वाटेवर असतानाच धरतं, मग पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. शिवाय तो फोममध्ये झिरपतो, तेवढा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि मऊ-कडक भागांच्या सीमेवरच पुढे चीर पडते. सुपरग्लू वापरायचाच तर जेल, आणि तोही थेंबभर. पॉलिएथिलीनचा मेणचट फोम असेल तर तो साध्या सुपरग्लूला फारशी दाद देत नाही. ईव्हीए (मऊ, रबरासारखा फोम) बरा धरतो.

अमेरिकन फ्लाय-बांधणारे बॉब पोपोविक्स यांच्या बँगर नावाच्या पॉपरमध्ये हा प्रश्नच उडवून लावला आहे. तिथे फोमचं नळकांडं लांब दांड्यावर नुसतं घट्ट सरकवलेलं असतं, चिकटवलेलंच नसतं. चावून खराब झालं की काढून दुसरं घालायचं. ब्लूफिशसारख्या दातेरी माशांपुढे हा हिशेब अगदी सरळ वाटतो.

आता साधी २ मिलिमीटरची ईव्हीए शीट. अमेरिकन फ्लाय-बांधणारे जॅक गार्टसाइड यांच्या गर्गलरला, म्हणजे फोमच्या पट्टीचा ओठ पुढे काढलेल्या तरंगत्या फ्लायला, दुसरा कुठला फोम लागत नाही. १/० मापाच्या गळाला १०–१२ मिलिमीटर रुंदीची पट्टी पुरते, आणि ए४ शीटमधून ७ सेंटिमीटर लांबीच्या साठाहून जास्त पट्ट्या निघतात. पट्टी मागे बांधायची, अंग भरून झालं की पाठीवरून पुढे ओढून नाक्यामागे बांधायची, आणि पुढे ८–१० मिलिमीटरचा ओठ उभा ठेवायचा. गर्गलर मरतो तो इथेच, ओठाच्या बुडाशी. बारीक जीएसपी (फार मजबूत पॉलिएथिलीनचा) दोरा ताणून ओढला की फोम सुरीने कापल्यासारखा कापला जातो. बांधताना दिसत नाही, पाण्यात पंधरा-वीस वेळा फेकल्यावर ओठ लुळा पडतो. चपटा नायलॉन दोरा घ्यावा, पहिले दोन वेढे सैल, ताण तिसऱ्यापासून, आणि वेढे एकाच रेषेवर न रचता २–३ मिलिमीटरमध्ये पसरवावेत. ओठ दुमडून दुहेरी केला आणि मध्ये थोडा जेल लावला तर तो जास्त दिवस उभा राहतो, आवाजही भरदार येतो.

क्रीज फ्लायसाठीही (शीट दुमडून केलेली माशाच्या आकाराची फ्लाय) हीच शीट चालते, फक्त तिच्यावर इपॉक्सीचं जाड कवच चढवायचा मोह टाळावा. माशाने चावलं की आतला फोम दबतो, कवच दबत नाही, तडकतं. पातळ एक हात पुरे. मार्करचा रंग पूर्ण वाळल्याशिवाय तोही नको, नाहीतर पट्टे फरफटतात.

खवळलेलं पाणी, लांबून मासा बोलवायचा आहे, समोर ट्रेव्हलीसारखा दांडगा मासा आहे: तिथे तयार डोक्यांचे पैसे वसूल होतात, कारण वाटीचा तो आवाज दुमडलेल्या शीटमधून निघत नाही. उथळ, शांत पाण्यात मात्र तीच डोकी धप्पकन पडतात आणि मासे पांगतात. तिथे गर्गलरच बांधावा. डोळ्यांचे खळगे ही तयार डोक्यांची खरी जमेची बाजू. सपाट फोमवर नुसते चिकटवलेले डोळे पहिल्याच दिवशी गळतात, खळग्यात बसवून वरून यूव्ही रेझिनचा थेंब दिला की राहतात.

वापरून झाल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुवून, वाळवून मगच डबीत ठेवायच्या, आणि डबी खोल हवी. झाकणाखाली दबलेला ओठ आठवडाभरात तसाच वाकडा बसतो आणि फ्लाय एका अंगावर पोहायला लागते.