तिसऱ्या गेटजवळची आंबीलची गाडी

गाडीला नाव नाही, पाटीही नाही. बेळगावात, टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटकडून अनगोळच्या बाजूला वळलं की झाडाच्या सावलीत एक हिरवी ढकलगाडी दिसते, तिच्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन माठ. तीच. फेब्रुवारी संपता संपता मी तिथं पहिल्यांदा थांबले आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा थांबतेच. प्रत्येक ग्लासाचे वीस रुपये मोजलेत, एकही फुकट प्यायलेली नाही. आपल्याकडं सकाळी पळणाऱ्या, सायकल मारणाऱ्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते, म्हणजे कुणाच्या जिभेनं आणि कुणाच्या पोटानं हे लिहिलंय ते कळेल. मी शहापुरात ब्लाऊज शिवते, वय त्रेचाळीस. पाच वर्षं झाली लांब पळते. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पुन्हा करायची आहे. तो यवतेश्वरचा घाट चढायचा तर पायांची तयारी एप्रिल-मेमध्येच व्हावी लागते, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई. रात्री अकरापर्यंत मशीन चालू, पहाटे सव्वाचारला गजर. नळाला पाणी यायच्या दिवशी पळणं रद्द, कारण घागरी भरायला घरात दुसरं कोण नसतं. उरलेल्या दिवसांत नाथ पै सर्कल, गोवावेस, आरपीडी क्रॉस, काँग्रेस रोड अशा फेऱ्या, आणि रविवारी वडगावातून बाहेर पडून यळ्ळूर, राजहंसगड. भात आणि मसूर निघून गेल्यावर ते शिवार मेमध्ये उघडं पडलेलं असतं. सात वाजून गेले की त्या रस्त्यावर सावली म्हणून नाही.

बाहेरची माणसं म्हणतात, तुमचं बेळगाव काय, गारच. अडीच हजार फुटांवर आहे, रात्री वारा सुटतो, ते खरं आहे. पण उन्हाळ्यात पहाटे पळून बघा. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला असेल तर सकाळी हवा इतकी ओली असते की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं, ओघळून काही उपयोग नाही. साडेसातनंतर हवा कोरडी व्हायला लागते, तोवर ऊन पाठीवर आलेलं असतं. दोन्हीकडून मार.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मला याचा मोठा फटका बसला. उन्हाळा आहे, पाणी भरपूर प्यायचं, एवढंच डोक्यात. बावीस किलोमीटरमध्ये तीन लिटर तरी साधं पाणी प्यायले असेन. घरी आले तर डोकं ठणकतंय, मळमळतंय, आणि बोटातली अंगठी निघेना, इतकी बोटं सुजलेली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून वर आणखी दोन तांबे प्यायले. आमच्याबरोबर एक डॉक्टर पळतात. त्यांनी नंतर समजावलं की घामातून मीठ जातं, त्या जागी नुसतंच पाणी भरत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, हेही त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी मी घाबरले. मला घरी दोन मुली आहेत.

मग मी मेडिकलमधून फळांच्या चवीच्या पेयाचं एक खोकं आणायला लागले. नाव असं की हे ओआरएसच, म्हणजे अंगातलं गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणारं द्रावणच आहे असं कुणालाही वाटावं. गोड गोड, प्यायल्यावर तहान जास्तच. पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली, तेव्हा कळलं की मी इतके दिवस साखरेचं पाणी पीत होते. खऱ्या ओआरएसचं माप जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिलेलं आहे: एक लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. पुडीच्या मागं छापलेलं असतं, वाचून घ्या.

आता गाडीबद्दल.

गाडीवाली अक्का साधारण पंचावन्नची असेल. घरात कन्नड, गाडीवर कन्नड-मराठी दोन्ही, आपल्याकडं असतं तसंच. पहिल्या दिवशी मी धापा टाकत गेले आणि ग्लासाला हात घातला, तर तिनं ग्लास मागं ओढला.

"पळून आलीस न्हवं? बस की आधी. दम खाली येऊ दे, मग पी."

बाकड्यावर बसवलं आणि तोवर ती आपलं काम करत राहिली. ते काम बघण्यासारखं आहे. नाचण्याचं पीठ ती आदल्या संध्याकाळी पाण्यात कालवून आंबायला ठेवते. पहाटे तीनला आधणात ते सोडायचं आणि गुठळी होऊ न देता हलवत राहायचं, शिजून चकाकी आली की उतरून निववायचं. हे सगळं घरी. गाडीवर फक्त ताक घालणं. माठातून दाट आंबील पातेल्यात घेते, वर ताक ओतते आणि लाकडी रवी दोन्ही तळव्यांत धरून फिरवते. आधी सावकाश, मग जोरात, मग पुन्हा सावकाश. कडेला बारीक फेस जमला की थांबते. लसणाच्या दोन पाकळ्या आणि जिरं दगडानं ठेचलेलं, मीठ, कोथिंबीर. हिरवी मिरची आणि चिरलेला कांदा वेगळ्या डब्यात, विचारून घालते. ग्लास हातात येतो तेव्हा रंग राखाडी-गुलाबी, वर ताकाच्या पांढऱ्या रेघा. पहिला घोट आंबट, मग लसूण, मग शेवटी नाचण्याची ती मातकट गोडी घशात मागं राहते. दाट इतकी की प्यायल्यावर ग्लासाला आतून थर चिकटून राहतो.

बर्फ ती घालत नाही. पिढ्यानपिढ्या माठातच, असं म्हणते. माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगते. ज्या दमट सकाळी माझा घाम वाळत नाही, त्याच सकाळी अक्काचा माठही नीट गार होत नाही. गोणपाटाला हात लावला की कोमटसा लागतो. माठ आणि माणूस दोघंही बाहेर आलेलं पाणी हवेत जाईल तेव्हाच थंड होतात. तेव्हापासून मी गाडीवर गेले की आधी गोणपाटाला हात लावून बघते. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशीचा वेग कमी ठेवते. आतापर्यंत हा अंदाज मोबाइलवरच्या हवामानापेक्षा मला जास्त उपयोगी पडलाय.

मिठाचं मी मोजून बघितलं, कारण मापाशिवाय मला चैन पडत नाही, धंदाच तसा आहे. दहा लिटरला अक्का दोन मुठी मीठ घालते. तिची मूठ एका कागदावर ओतून घेतली आणि पलीकडच्या किराणा दुकानात वजन केलं. दोन मुठींचं पन्नास ग्रॅम भरलं. म्हणजे लिटरला पाच ग्रॅम मीठ, त्यात सोडियम साधारण दोन ग्रॅम. ओआरएसच्या लिटरमध्ये ते पावणेदोन ग्रॅमच्या आसपास असतं. अक्काची मूठ किती जवळ जाते बघा! अडीचशे मिलीच्या एका ग्लासात अर्धा ग्रॅम सोडियम.

माझी गरज किती? गेल्या रविवारी चोवीस किलोमीटरला पावणेतीन तासांहून पाच मिनिटं जास्त लागली. निघताना वजन ५६.२, परत आल्यावर ५४.९, वाटेत अर्धा लिटर प्यायले. म्हणजे घाम गेला १.८ लिटर. घामाच्या लिटरला सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, कुणाचं कमी, कुणाचं बरंच जास्त. माझ्या टोपीवर वाळल्यावर पांढरी रेघ उमटते, त्यामुळं माझं थोडं जास्तच असणार. दोन ग्लास आंबील प्यायले की निम्मं भरून येतं, उरलेलं दुपारच्या भात-आमटीत. त्या दिवशी डोकं दुखलं नाही. दुपारी तीन ब्लाऊज कापले, हात थरथरला नाही. मागच्या उन्हाळ्यात लांब पळण्याच्या दिवशी मी कात्री धरत नव्हते.

शिवाय नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. चाळिशी ओलांडलेल्या, डांबरावर पळणाऱ्या बाईला ते हवंच. उसाचा रस, शहाळं मलाही आवडतं. पण रसात नुसती साखर, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम फार थोडं. पळून आल्यावर माझ्या जिभेला जे हवं असतं ते आंबीलमध्ये मिळतं.

पण पळता पळता मध्येच आंबील पिऊ नका, हे मी ठासून सांगते. मार्चमध्ये मी बारा किलोमीटरनंतर एक ग्लास घेऊन पुढं आठ पळायचा प्रयत्न केला. ताक आणि लसूण पोटात डचमळत राहिलं, व्हॅक्सिन डेपोजवळ थांबून चालत घरी आले. पळताना पोटाकडं रक्त कमी जातं, इतकं दाट त्याला पचत नाही. वाटेसाठी मी ओआरएसच नेते. पळायच्या पँटीला कमरेच्या मागं मी स्वतः एक चपटा खिसा शिवलाय, दोन पुड्या बसतात. शिलाई बाहेरच्या अंगाला ठेवलीय, आतल्या बाजूला असली की घामात कातडं सोलवटतं. आंबील पळणं संपल्यावरची, दम खाली आल्यावरची.

आणखी काही उणिवा आहेत. ग्लास एकाच बादलीत विसळायचे, आठ वाजता ते पाणी गढूळ झालेलं असायचं. मी अक्काला दोनदा सांगितलं, आता दुसरी बादली आलीय, तरी मी माझा स्टीलचा ग्लास घेऊन जाते. तुम्हीही न्या. रविवारी नऊच्या आत संपते, त्यामुळं गडावरून उशिरा परतणाऱ्यांना माठाचा तळच दिसतो. पौर्णिमेला अक्का सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाते, त्या दिवशी गाडी बंद. आणि रक्तदाब असलेल्यांनी "उप्पु कम्मी" (मीठ कमी) म्हणून आधी सांगावं, ती तुमच्यासाठी वेगळं घुसळून देते, कुरकुर करत नाही. मिरची मात्र तिची तिखट आहे, नको तर नकोच म्हणा.

बायकांसाठी एक वेगळं. पहाटे एकट्या पळणाऱ्या बाईला घामेजलेल्या कपड्यांत दहा मिनिटं बसायला या शहरात जागा कुठं आहे? चहाच्या गाडीवर पुरुषांचा घोळका, हॉटेलात गेलं तर सगळे वळून बघतात. अक्काच्या बाकड्यावर मी पाय लांब करून बसते, बुटाच्या नाड्या सोडते, कुणी काही बोलत नाही. एकदा दोन पोरं उगाच रेंगाळली तर अक्कानं रवी उचलून नुसतं त्यांच्याकडं बघितलं. गेली. आता आम्ही चौघी-पाचजणी रविवारी तिथंच भेटतो. एक टिळकवाडीतली शिक्षिका आहे, एक अनगोळहून सायकलवर येते. ती सायकलवाली जांबोटीपर्यंत जाऊन येते आणि सलग तीन ग्लास पिते.

वेळ सकाळी सहा ते माठ रिकामा होईपर्यंत, बहुतेक साडेनऊ. ग्लास वीस रुपये, घरी न्यायला लिटर सत्तर, डबा आपला. नवऱ्यासाठी मी बुधवारी एक लिटर नेते. तो उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीजवळ उभा असतो, त्याच्या घामाचा हिशेब माझ्यापेक्षा मोठा. डबा दुपारपर्यंत जास्त आंबतो, म्हणून त्याला दहाच्या आत प्यायला सांगते. मृगाचा पाऊस लागला की अक्का माठ घरी नेते आणि त्याच गाडीवर कणसं भाजते, म्हणून ज्यांना प्यायचीय त्यांनी या दोन-तीन आठवड्यांत जाऊन या.

गेल्या शुक्रवारी तिनं पदराखालून एक खण काढून माझ्या हातात दिला. हिरवा, लाल काठाचा. शिलाईचे पैसे आधीच मोजून ठेवले होते, नको म्हटलं तर ऐकेना. काखेत थोडं सैल ठेव म्हणाली, रवी फिरवताना ओढतंय. काल रात्री कापला. काखेला पाऊण इंच सोडलाय आणि आत जादा कापड ठेवलंय, लागलं तर उसवून आणखी सैल करता येईल. रविवारी पळून झाल्यावर नेऊन देईन.