दुपारी दोनला सोडावी लागणारी खुर्ची : नौपाड्यातील एका अभ्यासिकेविषयी

गेल्या जूनपासून मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका खासगी अभ्यासिकेत रोज सकाळी सात ते दुपारी दोन या वेळात बसून कादंबरी लिहीत आहे. ही जागा राज्यसेवेची, बँकेची किंवा सीएची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, हे उघडच आहे. सत्तावन्न वर्षांची, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आणि कोणत्याही परीक्षेला न बसणारी बाई तिथे मी एकटीच. पहिल्या आठवड्यात शेजारच्या मुलीने पाण्याच्या कूलरपाशी, "काकू, तुमची कुठली परीक्षा?" असे विचारले, तेव्हा "अजून जाहिरात निघालेली नाही," असे मी सांगितले, आणि तिने इतक्या मनापासून सहानुभूती दाखवली की खुलासा करायचे राहूनच गेले. अभ्यासिकेचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत, आणि गोखले रस्त्यापासून पाचपाखाडीपर्यंत अशा अभ्यासिका इतक्या झाल्या आहेत व त्यांची मांडणी इतकी सारखी आहे की यातले बरेचसे त्यांतल्या कोणालाही लागू पडावे. दीर्घ लेखन करणाऱ्या माणसाने अशी जागा घ्यावी का, आणि घ्यायची तर किती तासांची, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

घर सोडून बाहेर लिहिण्याची हौस मला कधीच नव्हती. परंतु नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास आमच्याही गल्लीत येऊन पोहोचला, शेजारची तीन मजली इमारत पाडायला घेतली, आणि सकाळी नऊला ब्रेकर सुरू झाला की माझ्या टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठू लागली. घोडबंदर रस्त्यावरच्या एका कॉफीच्या दुकानात मी दहा-बारा दिवस काढले. तिथे अडीचशे रुपयांच्या कॉफीवर तीन तास कोणी काही बोलत नाही, पण चौथ्या तासाला टेबल पुसायला मुलगा दोनदा येऊन जातो आणि त्याचा अर्थ कळण्याइतकी अक्कल आपल्याला असते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची मी जुनी सभासद आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे माझ्या वाचनावर मोठे ऋण आहे. तिथे लिहायला बसले की अर्ध्या तासात माझ्या हातात दुसऱ्या कोणाचे तरी पुस्तक असते, यात दोष अर्थातच संस्थेचा नाही.

अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. एका मोठ्या खोलीत चौसष्ट आसने आहेत. अर्ध्या दिवसाचे महिन्याला १,४०० रुपये, सकाळी सात ते रात्री अकरा अशा पूर्ण दिवसाचे २,२०० रुपये, अनामत १,००० रुपये आणि लॉकर हवे असल्यास १५० रुपये वेगळे. अर्ध्या दिवसाच्या आसनावर दुपारी दोननंतर दुसरा विद्यार्थी बसतो, म्हणजे एकाच खुर्चीचे दोन भाडेकरू असतात आणि त्यांची रोज दोन वाजता गाठ पडते. ही व्यवस्था मालकाने जास्त पैसे मिळावेत म्हणून केली असणार. तिचा जो उपयोग मला झाला तो त्याच्या हिशेबात नसावा.

माझे आसन क्रमांक तेवीस आहे. दोन्ही बाजूंना प्लायवूडचे आडोसे आहेत, समोर एक अरुंद फळी आणि तिच्या खाली एलईडीची पट्टी. डावीकडच्या आडोशावर आधीच्या कोणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने वेळापत्रक लिहून ठेवले आहे : पॉलिटी तीन दिवस, इतिहास पाच दिवस, भूगोल चार दिवस, आणि त्याखाली "उजळणी" असे लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे. वरवर पाहता प्रत्येकाचे टेबल स्वतंत्र दिसते, पण सुताराने सहा जणांसाठी एकच लांब फळी टाकून मध्ये आडोसे ठोकले आहेत. परिणामी अठ्ठाविसाव्या क्रमांकावर कोणाचा फोन थरथरला की तो मला मनगटात कळतो. चोविसाव्या क्रमांकावरचा मुलगा सीएची तयारी करतो आणि त्याच्या जाड कळांच्या कॅल्क्युलेटरवर बोटे चालू लागली की माझ्या वेलांट्या हलतात. पहिले पंधरा दिवस मला याचा संताप येत असे. पुढे कान सरावले, आणि एकदा तो चार दिवस आजारी होता तेव्हा त्या स्थिर फळीवर मला चैन पडेना.

उजेडाचे मात्र सरावण्यासारखे नव्हते. पट्टीचा पांढराशुभ्र प्रकाश पांढऱ्या फुलस्केप कागदावरून थेट डोळ्यांत येई आणि अकरा वाजेपर्यंत कपाळ ठणकू लागे. छापील पुस्तक वाचणारा मान मागे नेऊ शकतो. हाताने लिहिणाऱ्याला ती सोय नसते. शेवटी घरून बटर पेपरचा तुकडा आणून मी तो पट्टीवर चिकटवला, आणि आठवड्याभरात त्या रांगेतल्या चार पट्ट्यांवर बटर पेपर आले. व्यवस्थापकांना ते दिसले, त्यांनी काही म्हटले नाही, आणि पट्ट्याही बदलल्या नाहीत. वातानुकूलन तर इतके कडक की जूनच्या उकाड्यात मी शाल नेत असे. ते कमी करण्याची विनंती केल्यास "मुलांना झोप येते" असे उत्तर मिळते, आणि दुपारी बाराच्या सुमाराला आजूबाजूला पाहिले तर ते खोटे म्हणवत नाही.

शांत दालनात लॅपटॉप चालवू देत नाहीत. टंकलेखनासाठी बाहेर काचेची वेगळी खोली आहे, पण तिथे डबे खाल्ले जातात आणि निकालांची चर्चा होते, त्यामुळे लेखनाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच आहे. वीस वर्षे थेट संगणकावर लिहिण्याची सवय असलेल्या मला हा नियम जाचेल असे वाटले होते. घडले ते उलट. कागदावर वाक्य पुसता येत नाही, फक्त खोडता येते, आणि खोडलेले वाक्य डोळ्यांसमोर राहते. त्यामुळे कालचे वाक्य आज बदलताना ते का बदलले हे आठवते. सकाळी हाताने खर्डा आणि दुपारी घरी इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याची टंकित प्रत, अशी विभागणी झाल्यावर पहिले पुनर्लेखन वेगळे करावे लागले नाही, कारण टंकताना हात आपोआप काटछाट करतो.

सात तासांत मी चार पाने लिहिते. माझ्या अक्षरात एका पानावर सव्वादोनशे शब्द बसतात, म्हणजे साधारण नऊशे शब्द. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करत असताना पहाटे साडेपाचला लिहायला बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द असा हिशेब पाळी. त्याने हे आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. या वेगाने माझे दिवसभराचे काम त्याने तासाभरात उरकले असते. मनाची समजूत घालण्यासाठी मी एवढेच म्हणते की आपल्या भाषेत "घरातल्यांनासुद्धा" हा एकच शब्द मोजला जातो आणि इंग्रजीला त्यासाठी पाच-सहा शब्द खर्चावे लागतात. ही समजूत पुरेशी नाही, हे मलाही ठाऊक आहे.

आता दोन वाजताच्या गाठीविषयी. दोनला पाच मिनिटे कमी असताना माझ्या मागे पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा येऊन उभा राहतो. तो बोलत नाही, घसा खाकरत नाही, फक्त एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. दोन वाजले की "काकू, झालं का?" असे अत्यंत मृदू आवाजात विचारतो, आणि मला वाक्य जिथे असेल तिथे सोडून उठावे लागते. पुढे काय घडणार ते ठाऊक असतानाच थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येते, असे अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे सांगत असे. घरी मला ते एकदाही जमले नव्हते. प्रकरण संपल्याशिवाय मी उठत नसे आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर सकाळ वाया घालवत असे. आता रोज सकाळी सात वाजता माझी वाट पाहणारे एक अर्धे वाक्य असते. ते पूर्ण करताना हात चालू होतो आणि सव्वासातपर्यंत मी कादंबरीत असते. एवढ्या एका गोष्टीसाठी १,४०० रुपये मला जास्त वाटत नाहीत.

दुपारी जेवण, थोडी वामकुक्षी, चार ते सहा टंकलेखन, आणि त्यानंतर कादंबरीला हात लावायचा नाही, असा माझा नेम आहे. साडेसहाला मी कचराळी तलावाला तीन फेऱ्या मारते आणि नंतर तलावपाळीला येऊन मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसते. तिथे मी काही करत नाही. कणीस खाते, होड्या पाहते, बाकावरची माणसे बोलतात ते ऐकते. रविवारी अभ्यासिकेला सुट्टी घेऊन गडकरी रंगायतनात दुपारच्या प्रयोगाला जाते, मध्यंतरात बटाटावडा खाते, आणि प्रेक्षक कोणत्या वाक्याला हसले यापेक्षा कोणत्या वाक्याला हसता हसता थांबले, इकडे माझे लक्ष असते. हे सगळे परीक्षणात कशाला, असे कोणी विचारील. पण अभ्यासिकेने विकायला ठेवलेली दुसरी योजना नेमकी याच वेळेवर डोळा ठेवून आहे.

झाले असे की ऑगस्टमध्ये पाऊस थांबेना, फेऱ्या बंद पडल्या, आणि "फक्त आठशे रुपये जास्त भरा आणि दिवसभर बसा" असा संदेश अभ्यासिकेकडून दर तीन दिवसांनी येत होताच. मी पूर्ण दिवसाचे आसन घेतले. सकाळी सात ते संध्याकाळी आठ बसू लागले, मध्ये डबा खाऊन पुन्हा फळीवर. पानांची संख्या चारांवरून सहावर, कधी सातवर गेली आणि मी स्वतःवर खूश होते. महिनाअखेरीस ती पाने सलग वाचली तेव्हा लक्षात आले की कादंबरीतला निवृत्त कोर्ट कारकून, त्याची सून आणि दूधवाला असे तिघेही पूर्ण, सुबक आणि उपवाक्यांनी नटलेली वाक्ये बोलू लागले आहेत. म्हणजे तिघेही मीच झाले होते. महिनाभर माझ्या कानांवर माझ्याशिवाय कोणाचे बोलणे पडले नव्हते. अभ्यासिकेत कोणी बोलत नाही आणि तलावपाळी सुटलेली. त्या महिन्यातली अडतीस पाने मी काढून टाकली. ती आता पाठकोरे कागद म्हणून यादी करायला आणि वाणसामान लिहायला कामी येतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा अर्ध्या दिवसावर आले. त्याच संध्याकाळी तलावपाळीला शेजारच्या बाकावर एक जोडपे कणसावरून भांडत होते आणि ती त्याला म्हणाली, "तुला राग आलाय की भूक लागलीय, ते आधी ठरव." कारकुनाच्या सुनेला पंधरा दिवसांत मी जे देऊ शकले नव्हते ते या एका वाक्यात मिळाले. वाक्य मी घरी येऊन लिहिले नाही. सकाळी सातपर्यंत टिकले तरच ते घ्यायचे, अशी माझी अट असते, आणि ते टिकले.

ही अदलाबदल करताना मात्र अभ्यासिकेचा व्यवहार चांगला दिसला नाही. पूर्ण दिवसाचे शुल्क दोन महिन्यांचे एकदम घेतले होते. त्यातला दुसरा महिना मी वापरणार नव्हते, तरी फरकाचे आठशे रुपये परत मिळाले नाहीत. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसे छापले आहे, असे दाखवण्यात आले, आणि छापले होते हेही खरे. पुढच्या महिन्याच्या शुल्कात ते वळते करा, ही विनंतीही मान्य झाली नाही. लॉकरची चावी एकदा तिथल्या कामाच्या मुलाकडून हरवली तेव्हा दोन दिवस माझे हस्तलिखित आत अडकून पडले होते आणि कुलूपवाला आणायला व्यवस्थापकांना सवड नव्हती. तेव्हापासून मी पाने लॉकरमध्ये ठेवत नाही, रोज घरी नेते. स्वच्छतागृह स्वच्छ असते, पाणी कधी गेले नाही, वीज गेल्यास इन्व्हर्टरवर दिवे चालू राहतात; या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला या जागेची शिफारस मी करीन, पण फक्त अर्ध्या दिवसाची आणि तीही सकाळची, कारण दुपारच्या पाळीला संध्याकाळ सबंध जाते. दिवाळी अंकाचा लेख वेळेवर पोहोचवायचा असेल किंवा अनुवादाचे मोजून करायचे काम असेल, तर पूर्ण दिवस कदाचित परवडेल. शुल्क एकेका महिन्याचेच भरावे आणि पावतीची मागची बाजू आधी वाचावी. आसन निवडताना वातानुकूलनाच्या झोताखालचे टाळावे, रांगेच्या टोकाचे घ्यावे, आणि फळीवर पंजा ठेवून पलीकडच्याला पान उलटायला सांगून पाहावे. बटर पेपर बरोबर न्यावा.

नूतनीकरणाच्या अर्जात "कोणत्या परीक्षेची तयारी" असा एक रकाना आहे. जूनमध्ये मी तो कोरा सोडला होता. या वेळी व्यवस्थापकांनी माझ्यादेखत त्यात "इतर" असे लिहिले आणि तेवीस क्रमांक मार्चपर्यंत माझ्या नावावर केला.