चालकांसाठीचे नशामुक्ती समुपदेशन : सोलापुरातील एका केंद्राचा अनुभव

माझ्या तीन मालमोटारी आहेत. सोलापूर बाजार समितीतला कांदा हैदराबादला आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यांतील चादरी-टॉवेलच्या गाठी पुण्या-मुंबईला पोहोचवणे हा माझा व्यवसाय. गेल्या हिवाळ्यात माझ्या एका चालकाने उमरग्याच्या अलीकडे पहाटे गाडी दुभाजकावर घातली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पोलिसांनी त्याला श्वासतपासणीच्या यंत्रात फुंकायला लावले, त्यात काहीच निघाले नाही आणि डुलकी लागल्याची नोंद होऊन प्रकरण मिटले. दोन दिवसांनी क्लीनरने सांगितले, की जाताना डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, आणि परतल्यावर झोप यावी म्हणून अल्प्राझोलमची गोळी, असा त्याचा दोन वर्षांचा नेम होता. त्याला कामावरून काढले असते, तर तो आठवड्याभरात दुसऱ्या कोणाच्या गाडीवर बसला असता; म्हणून मी त्याला शहरातील एका खासगी समुपदेशन केंद्रात नेले. त्याची ओळख उघड होऊ नये यासाठी केंद्राचे नाव येथे देत नाही.

सहा आठवडे, आठवड्याला एक बैठक आणि प्रत्येक बैठकीचे ४०० रुपये, असा हा कार्यक्रम आहे. पहिल्या दिवशी कायद्याचा धाक दाखवतील, अशी माझी अपेक्षा होती. नशेत गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे चालकालाही ठाऊक होते. परंतु श्वासतपासणीचे यंत्र केवळ दारू पकडते, हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक होते. समुपदेशक बाईंनी त्याचे हे म्हणणे खोडून काढले नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००४ पासून रस्त्यावरच अमली पदार्थांसाठी लाळेची चाचणी घेतली जाते, आपल्याकडच्या नाक्यांवर मात्र तसा प्रसंग सहसा येत नाही, हे त्यांनी मान्य केले आणि पकडले जाण्याचा विषय बाजूला ठेवून त्याला मागच्या दहा फेऱ्या आठवायला सांगितल्या. किती वाजता निघालास, कोठे जेवलास, डोळे पहिल्यांदा कोठे जड झाले, डोडा कोणत्या धाब्यावर घेतलास, हे सारे त्यांनी एका कागदावर मांडले.

तो कागद पाहून मला खाली बघावे लागले. बाजारात गाडी भरेपर्यंत तो दिवसभर रांगेत उभा असे, त्यानंतर रात्रभरात सुमारे ३०० किलोमीटर अंतर आणि माल उतरताच परतीचे भाडे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यानुसार दिवसाचे काम आठ तासांचे, लांब पल्ल्याला फार तर दहा तासांचे होते. माझ्या चालकाचे सोळा तास होत होते आणि ते वेळापत्रक मीच आखलेले होते. डोड्याने अंगदुखी दबते, त्यामुळे थकवा उतरल्यासारखा वाटतो; अंमल ओसरला की अंग मोडून येते, नाक गळते, जुलाब होतात, आणि हे टाळण्यासाठी पुढचा डोस घ्यावा लागतो. त्यावर झोपेची गोळी घेतली की तिची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरत नाही, आणि तेव्हा तो पुन्हा गाडीवर असे.

केंद्राची सर्वांत चांगली गोष्ट ही, की त्यांनी गोळ्या एकदम बंद करू दिल्या नाहीत. अल्प्राझोलम अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली आणि तोवर त्याला गाडीवर बसवायचे नाही, असे मला बजावले. उपचाराला गेलो तर गुन्हा दाखल होईल, ही त्याची भीतीही त्यांनी दूर केली. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते, हे मला स्वतःलाही तोवर माहीत नव्हते. ज्यांना शुल्क परवडत नाही, त्यांनी १४४४६ या राष्ट्रीय नशामुक्ती क्रमांकावर विचारपूस करावी.

उणिवा मात्र गंभीर आहेत. प्रतीक्षाकक्षात रुग्णांची पूर्ण नावे मोठ्याने पुकारतात. ज्या शहरात चालक, हमाल आणि मालक एकमेकांना ओळखतात, तेथे हे अक्षम्य आहे. बैठका फक्त कामाच्या दिवशी सकाळी अकराला होतात आणि त्या केवळ मराठीत. माझा चालक घरी तेलुगू बोलतो, त्यामुळे मनातले नेमके सांगताना तो अडखळत असे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांची संख्या पाहता ही सोय पहिल्या दिवसापासून हवी होती. प्रश्नावलीत दारू, गांजा आणि अफू यांची विचारणा आहे, ताडीची नाही. ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलमसारखी गुंगीची द्रव्ये मिसळली जातात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही उणीव तत्काळ जाणवेल. सहाव्या आठवड्यानंतर पाठपुराव्याचा एकही फोन आला नाही, आणि पाय घसरण्याची वेळ नेमकी तीच असते.

ती वेळ तिसऱ्या महिन्यात आलीच. हैदराबादच्या फेरीला मी आता दोन चालक पाठवतो आणि तेथे रात्रीचा मुक्काम ठेवतो, त्यामुळे महिन्याला दोन फेऱ्या कमी होतात. त्या दिवशी जोडीदार आजारी असल्याने तो एकटाच निघाला होता. नळदुर्गजवळून त्याचा फोन आला, ‘मालक, मी घेतलंय. गाडी बाजूला लावली आहे.’ मी दुसऱ्या चालकाला मोटारसायकलवरून तिकडे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन सातव्या बैठकीचे पैसे भरले. ती बैठक तेलुगूत व्हावी, अशी लेखी विनंती केली आहे. उत्तराची वाट पाहत आहे.