ऑडिटच्या दौऱ्यावर स्टीम डेक

माझं काम सहकारी बँकांच्या ऑडिटचं. घर नाशिकला आणि महिन्यातले बारा-पंधरा दिवस नांदेड, परभणी, लातूर, कधी रत्नागिरी. संध्याकाळी शाखेचं शटर खाली आलं की लॉजवरच्या खोलीत झोपेपर्यंतचे चार तास रिकामे. २०२४च्या सुरुवातीला मामेभाऊ लंडनहून येणार होता, त्याला स्टीम डेक, म्हणजे हातात धरून पीसी गेम खेळायचं यंत्र, आणायला सांगितलं. ओएलईडी पडद्याचं, ५१२ जीबीचं. तिथली किंमत ४७९ पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास हजारांच्या आसपास. हे यंत्र बनवणारी व्हॉल्व कंपनी ते भारतात अधिकृतपणे विकत नाही, म्हणून ही खटपट.

नवे गेम खेळायचे म्हणून ते घेतलं नव्हतं. मला हवे होते जुने गेम, आणि तेही प्रवासात. तेव्हापासून ते माझ्या सॅकमध्ये आहे, त्यामुळे त्याच्याविषयी जे लिहिते ते वापरून लिहिते.

सगळ्यात आधी झोपेविषयी, म्हणजे यंत्राच्या झोपेविषयी, कारण प्रवासात त्याच्याइतकं महत्त्वाचं काहीच नाही. वरचं बटण दाबलं की खेळ आहे त्या क्षणी गोठतो. परत दाबलं की काही सेकंदांत तिथूनच पुढे सुरू. तपोवन एक्सप्रेसने नाशिकरोडहून नांदेडला जाताना मी ग्रॅन टुरिस्मो ४ हा प्लेस्टेशन २चा (पीएस२) गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत असते. तिकीट तपासायला टीसी आला, शेजारच्या काकूंना खिडकीकडे जायचं आहे, मनमाडला चहावाला आला: दर वेळी बटण दाबायचं आणि यंत्र मांडीवर पालथं ठेवायचं. गाडी वळणावर अर्धी वळलेली असते, तशीच राहते. एकदा परभणीच्या लॉजवर रात्री बंद केलेली शर्यत मी तीन दिवसांनी घरी पोचल्यावर पूर्ण केली. मूळ पीएस२वर असं काही नव्हतं. तिथे सेव्ह करायची जागा येईपर्यंत आईच्या हाका ऐकत बसावं लागायचं.

आता एम्युलेशनचं. एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलच्या, म्हणजे पीएस२सारख्या गेम खेळायच्या यंत्राच्या, प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम. जुन्या यंत्राचा एकेक हुकूम आजच्या प्रोसेसरला समजेल असा करून त्याला तो जागच्या जागी राबवावा लागतो. म्हणून वीस-पंचवीस वर्षं जुन्या कन्सोलच्या नकलेलाही बऱ्यापैकी दमदार प्रोसेसर लागतो. पीएस२साठी पीसीएसएक्स२ आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी डॉल्फिन हे दोन्ही डेकवर उत्तम चालतात. ग्रॅन टुरिस्मो ४ मी दुप्पट रेझोल्यूशनवर खेळते. गाडीच्या बॉनेटवरची आकाशाची झाक इतकी स्वच्छ दिसते की घरच्या जुन्या टीव्हीवर हे सगळं धुरकट दिसायचं याची आठवण होते. पीएस३ला मात्र आशा ठेवू नका. त्या कन्सोलची सेल नावाची चिप इतकी वेगळ्या धाटणीची होती की तिची नक्कल करताना डेकच काय, पुष्कळ लॅपटॉपही धापा टाकतात. आणि निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचे गेम चालवायला कुणी डेक घेत असेल तर एवढं ठाऊक असावं की युझू हा एम्युलेटर मार्च २०२४मध्ये बंद झाला. निन्टेन्डोने केलेला दावा त्याच्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर देऊन मिटवला.

छोट्या कन्सोलच्या बाबतीत एक गंमत मला फार आवडते. डेकचा पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा. गेमबॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातातल्या कन्सोलचा २४० बाय १६०. १६०ला पाचने गुणा, बरोबर ८००. २४०ला पाचने गुणा, १२००. म्हणजे जुन्या पडद्यावरचा एक ठिपका इथे पाच बाय पाचचा नेमका चौकोन होतो, वर-खाली एक रेघही वाया जात नाही आणि दोन्ही कडांना चाळीस-चाळीस पिक्सेलची काळी पट्टी उरते. अक्षरं कोरल्यासारखी दिसतात. आठ बिटांच्या, म्हणजे जुन्या मारिओ-कॉन्ट्राच्या काळातल्या, खेळांत २४० ओळी असतात, त्या तिप्पट केल्या की ७२०. तेही चित्र छान बसतं, फक्त पडदा रुंद असल्याने बाजूंना बरीच काळी जागा राहते. ओएलईडीवर ती खरोखर काळीभोर असते, खटकत नाही.

गेम आणायचे कुठून? माझ्याकडे पीएस२च्या मूळ डिस्क आहेत. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमधून त्यांच्या प्रती काढल्या आणि बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारा त्याच्या आतला प्रोग्राम, माळ्यावरच्या आमच्याच कन्सोलमधून घेतली. एक पूर्ण रविवार त्यात गेला. बाजारात हजारो गेम भरून कार्डं विकतात, ती घेऊ नका. ते गेम चोरीचेच असतात. लहानपणीचा कॉन्ट्रा तर मी स्टीमवर, म्हणजे व्हॉल्वच्या ऑनलाइन गेम-दुकानात, रीतसर विकत घेतला. कोनामीने २०१९ साली काढलेल्या संग्रहात तो आहे. डेकवरची मांडणी एमूडेकने झाली. हा मोफत प्रोग्राम सगळे एम्युलेटर आणि बटणांची जुळणी एकदम करून देतो. फक्त त्यासाठी डेस्कटॉप मोडमध्ये जावं लागतं. डेकवर विंडोज नाही, स्टीमओएस नावाचं लिनक्स आहे, आणि लिनक्स कधीच न पाहिलेल्या माणसाला पहिला तास गोंधळायला होईल.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ती ५० वॉट-अवरची आहे. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्र किती वॉट खातंय ते दाखवता येतं. ५०ला त्या आकड्याने भागायचं. आठ बिटांचा खेळ साधारण सात वॉट, म्हणजे सात तास. पीएस२ दहा-बारा वॉट, म्हणजे चार ते पाच तास. आजचा एखादा भारी गेम वीसच्या वर जातो आणि दोन-अडीच तासांत कारभार आटोपतो. नाशिकरोड ते नांदेड आठ-नऊ तासांचा प्रवास, तेव्हा पीएस२साठी एकदा तरी चार्ज करावंच लागतं.

इथे मी एकदा फसले. बाजारातून वीस हजार एमएएचची पॉवर बँक घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, यावर लॅपटॉपसुद्धा चालतो." डेकला पूर्ण वेगाने चार्ज व्हायला पीडी (पॉवर डिलिव्हरी) या यूएसबी-सीच्या जलद चार्जिंग पद्धतीचे ४५ वॉट लागतात. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरांत १८ वॉट लिहिलं होतं, ते मी गाडीत बसल्यावर वाचलं. खेळत असताना टक्के वाढायचे तेही मुंगीच्या पावलाने. बदलून मिळाली नाही. तेव्हा घेताना आकडा स्वतः वाचा. डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर फार विसंबू नका, कारण ते सैल असतात आणि लंडनचा जाड तीन पिनांचा चार्जर ॲडॅप्टरसकट लोंबकळत राहतो. मी इथला दोन पिनांचा ४५ वॉटचा चार्जर वेगळा घेतला.

वजन ६४० ग्रॅम. खुर्चीत मांडीवर टेकून बसलात तर जाणवत नाही, वरच्या बर्थवर उताणं पडून खेळाल तर पंधरा मिनिटांत मनगटं बोलतात. सोबतची केस मजबूत आहे, पण सॅकचा मोठा कप्पा तीच खाते. आणि एसटीत खेळू नका. रत्नागिरीच्या वाटेवर आंबा घाटात मी प्रयत्न केला, तिसऱ्या वळणाला पोटात ढवळायला लागलं.

दौऱ्यावर एकटीने खेळण्यापेक्षा मोठं सुख मला घरी मिळालं. साध्या यूएसबी-सी डॉकने डेक टीव्हीला जोडला, दोन कंट्रोलर लावले आणि दादाबरोबर कॉन्ट्रा खेळले. त्यात धबधब्याची पातळी आहे. दोघांनी वर चढत जायचं, आणि एकजण भराभर पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला मरतो. दहा वर्षांची असताना मी तिथे रोज मरायचे. दादा आता पंचेचाळिशीला आलाय. धबधब्यावर तो अजूनही थांबत नाही.

इथे वॉरंटी हवी असेल तर असूसचं आरओजी ॲलाय हे तशाच प्रकारचं यंत्र बघा. ते भारतात २०२३च्या जुलैमध्ये ६९,९९० रुपयांना आलं. त्यावर विंडोज आहे, म्हणजे वाट्टेल तो पीसी गेम चालतो. डेकच्या लिनक्सवर व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन गेम चालतच नाहीत. पण गेमच्या मधेच झोपवणं आणि उठवणं स्टीमओएसमध्ये जितकं भरवशाचं आहे तितकं मी विंडोजवर कुठेच पाहिलेलं नाही, आणि मला प्रवासात तेच हवं असतं. २०२५मध्ये लेनोवोचं लीजन गो एस हे असंच यंत्र अधिकृत स्टीमओएस घेऊन आलं, त्यामुळे हा पर्याय आता एका कंपनीपुरता राहिलेला नाही.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने माझं बघून डेक मागवायचं ठरवलं होतं. मी त्याला विचारलं, काय खेळणार? मारिओ आणि पीएस१चे दोन-तीन गेम, एवढंच. त्याला मी जुन्या गेमसाठीचं छोटं यंत्र, ॲनबर्निकचं आरजी३५एक्सएक्स, घ्यायला लावलं. साडेतीन इंची पडदा, ६४० बाय ४८०, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण जुन्या टीव्हीचंच, त्यामुळे काळ्या पट्ट्या नाहीत. शर्टाच्या खिशात मावतं. तो रोज सिन्नर-नाशिक बसने येतो-जातो. परवा म्हणाला, मारिओची सातवी दुनिया संपली, आता आठवी.